जे मामांनी सांगितलं, ते मी लिहिलं

सुरतेत आमच्या उधन्याच्या गल्लीत कुणी विचारलं, "तुनी पोर काय काम करस?" की आई ठसक्यात सांगायची, "मशीनन्या पोथ्या लिखस." समोरची बाई मान डोलवायची आणि लगेच लग्नाचं विचारायची. सहा वर्षं मी आईला समजावत होते की त्याला पोथी नाही, मॅन्युअल म्हणतात, आणि माझ्या कामाला टेक्निकल रायटिंग म्हणतात. नंतर मी नाद सोडला, कारण तिचाच शब्द बरोबर होता. पोथीसारखंच ते पुस्तक कपाळाला लावून ठेवून देतात.

ही अतिशयोक्ती नाही. इच्छापोरला मी ज्या कारखान्यात आहे, तिथे वॉटरजेट लूम जुळवतात. पाण्याच्या बारीक धारेबरोबर धागा या टोकाकडून त्या टोकाला फेकून कापड विणणारं हे यंत्र. सुरतेत जिथे लूम चालतात त्या जागेला खातं म्हणतात. खात्यात नवी लूम आली की शेठ नारळ फोडतात, लूमवर कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढतात, तसाच एक माझ्या पुस्तकावर काढतात आणि पुस्तक प्लास्टिकच्या वेष्टनासकट देव्हाऱ्यात जातं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला राग आला होता. दुसऱ्यांदा हसू आलं. पुढे पुढे बरंच वाटायला लागलं, कारण न वाचलेल्या पुस्तकातल्या चुका कुणी काढत नाही.

मी मेकॅनिकल इंजिनियर आहे. बाबांनी सगळं आयुष्य लूमच्या खडखडाटात काढलं, कान गेले, आणि माझा निकाल मला त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगावा लागला. पण मुलीला कारखान्याच्या फ्लोअरवर कोण घेणार? जिथे गेले तिथे गोड बोलून वाटेला लावलं. माझं इंग्रजी बरं होतं. कॉलेजातले सर म्हणाले, टेक्निकल रायटिंगला जा, त्यात फार स्कोप आहे. सर स्वतः कधी त्या वाटेने गेले नव्हते, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

मी लागले तेव्हा आम्ही चौघं एका टेबलाभोवती बसायचो. लूमचे भाग बाहेरच्या देशातून यायचे आणि त्यांच्याबरोबर तिकडचं पुस्तक यायचं. त्यातलं इंग्रजी म्हणजे आनंदीआनंद. 'चालू यंत्रात हात प्रसन्नतेने घालू नये', अशा अर्थाचं एक वाक्य होतं आणि आम्ही आठवडाभर एकमेकांना ते ऐकवत होतो. पण इंग्रजी सुधारूनही पुस्तकात काही नव्हतं. नट कुठे बसतो ते होतं, तो किती आवळायचा ते नव्हतं. ते सगळं एका माणसाच्या हातात होतं. म्हणून मला फ्लोअरवर त्या माणसाकडे धाडलं.

त्यांना सगळे मास्टर म्हणायचे. ठेंगणे, पांढरे केस, शर्टाच्या खिशात नट आवळायचे दोन पाने आणि तंबाखूची पुडी. वही घेऊन मी उभी राहिले तर त्यांनी वर न बघता सांगितलं, "वही बंद कर. पहिले हात काया कर." दोन आठवडे मी हात काळे केले. पाने पुसली, टॉर्च धरला, त्यांचा चहा आणला. कामाचं त्यांनी काहीच सांगितलं नाही. माझं डोकं फिरलं होतं. एकदा जेवणाच्या सुट्टीत आईने दिलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा मी उघडला, तर त्यांनी डब्यात बघून विचारलं, "कोन गावनी तू?"

वडिलांचं गाव सांगितलं, मग आईचं माहेर सांगितलं. त्यांचा हात थांबला. त्यांचं तेच गाव. आईचं घर मारुतीच्या पारामागे, यांचं नदीच्या अंगाला.

"मंग तू मनी भाची लागस," ते म्हणाले आणि माझ्या डब्यातली अर्धी भाकरी उचलली.

आमच्या खानदेशात हे गमतीने म्हणत नाहीत. आईच्या माहेरच्या गावचा माणूस म्हणजे मामा, मग रक्ताचं नातं असो वा नसो. आणि मामा म्हटला की भाचीला दारातून रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाला तर नाहीच नाही. काही नसेल तर मूठभर शेंगा द्याव्यात, पण द्याव्यात. त्या दिवसापासून वही उघडली.

पुढची दोन-तीन वर्षं माझ्या नोकरीतली सगळ्यात चांगली. मामा काम करता करता अहिराणीत बोलायचे, मी तसंच्या तसं वहीत उतरवायचे आणि दुपारनंतर वर जाऊन त्याचं इंग्रजी करायचे. दुसऱ्या दिवशी मी ते त्यांना परत अहिराणीत वाचून दाखवायचे. ते कान देऊन ऐकायचे आणि हरखून म्हणायचे, "मी असं बोलनू?" शिकले ते सातवीपर्यंत. आपण बोललेलं पुस्तकात जातं, याचं त्यांना फार कौतुक होतं. मलाही होतं. कुणाचंही डोकं इतक्या जवळून बघायला मिळणं भाग्याचं असतं, असं मला तेव्हा वाटायचं आणि आजही वाटतं.

एक गोष्ट मात्र ते सांगत नव्हते. धार सोडणारं नोझल नीट बसवणं. धार जरा फुटली की धागा पलीकडे पोचत नाही आणि लूम क्षणाक्षणाला थांबते. नोझल बसवायची वेळ आली की मामा मला चहा आणायला पाठवत. परत येईतो लूम सुरळीत चालू झालेली असे. गावभरच्या खात्यांतून फोन यायचे, मास्टरला पाठवा. मोठमोठे शेठ गाडी धाडायचे आणि मामा पुढच्या सीटवर बसून जायचे. ते आमच्या कंपनीचे नोकरही नव्हते, ठेकेदाराचा माणूस होते. आज या म्हटलं तर यायचं, उद्या नको म्हटलं तर घरी. एकदा मी लाडात येऊन विचारलं तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, "हाई एक गोट मनाकडे शे, तव्हलोंग हाई लोके माले इचारतस." कोसाडच्या वसाहतीतली एक खोली, मामींचा दमा, पाठीशी मुलगा नाही. ती एक गोष्ट हाताशी आहे तोवरच लोक विचारणार, आणि तिच्यावरच ते घर उभं होतं. वस्ताद एक डाव राखून ठेवतो म्हणतात. मामांनी राखला होता, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

मग कॉम्प्युटर लिहायला लागला. आमचं आठवड्याचं काम तो चहा गार व्हायच्या आत करून द्यायचा, आणि चांगलं करायचा. खोटं कशाला बोलू? टेबलाभोवतीचे चौघे एकेक करून कमी झाले. एक जण आता विमा विकतो. एक बारडोलीला सासऱ्यांच्या दुकानात बसतो. तिसरी घरीच आहे आणि माझा फोन उचलत नाही. मी उरले. का उरले, ते मालकांच्या मुलाने, छोट्या शेठने, मला समोर बसवून सांगितलं.

"बेन, इंग्लिश तो हवे कॉम्प्युटर लखे छे. कॉम्प्युटरने जे खबर नथी, ए लावो."

म्हणजे इंग्रजी आता यंत्र लिहितं, यंत्राला जे माहीत नाही ते आणा. ते एक अॅप बनवत होते. कारीगराने मोबाइलमध्ये आपल्या भाषेत विचारायचं, हिंदी, गुजराती, ओडिया, काहीही, आणि अॅपने आमच्या पुस्तकातून शोधून उत्तर द्यायचं. सगळं तयार होतं. फक्त नोझलचं प्रकरण रिकामं होतं, आणि निम्म्या तक्रारी नोझलच्याच होत्या. ते प्रकरण भरलं तर मी या विभागाची हेड. नाही भरलं तर, ते हसून म्हणाले, मग विभाग कशाला पाहिजे?

बसमध्ये बसून मी खूप विचार केला असं म्हणायला मला आवडेल. तसं झालं नाही. मी फक्त एवढंच मोजलं की आखाजी कधी आहे.

आखाजीला आईने पुरणाच्या पोळ्या आणि सांजोऱ्या बांधून दिल्या. भावाकडे बहिणीचा डबा जातोय म्हणून ती खुशीत होती. उन्हाने डांबर मऊ झालं होतं. कोसाडला तिसऱ्या मजल्यावर मी पोचले, तर मामी दम खात दारापर्यंत आल्या, पायावर पाणी घातलं, आणि जेवण झाल्यावर पत्र्याची पेटी उघडून माझ्यासाठी एखादं ब्लाउजपीस सापडतं का, म्हणून उपसायला लागल्या. मामा ओशाळले. "काय पायजे तुले, सांग. उद्या बजारमाईन लई येसू," म्हणाले.

मी म्हटलं, "मामा, मला नोझल द्या."

ते हसले. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू गेलं. मामींना नोझल काय ते माहीत नव्हतं. काहीतरी वस्तू असेल, असं वाटून त्या पेटीतूनच म्हणाल्या, "दी टाका ना. पोर सणले मांगी ऱ्हायनी."

मी तेव्हा 'राहू द्या' म्हणू शकले असते. अजून पुष्कळ वेळ होता, पंखा फिरत होता, मामी पेटीत शोधत होत्या. रीत मला माहीत होती आणि ती मोडणं या माणसाला जमणार नाही, हेही माहीत होतं. मी तिथे जेवायला गेलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी मामांनी मला चहाला पाठवलं नाही. खिशातून जुन्या एक्स-रेच्या फिल्मचा तळहाताएवढा तुकडा काढला, मामींच्याच छातीचा होता तो, आणि धारेच्या पलीकडच्या टोकाला धरला. लूम हाताने हळू फिरवायला सांगितली. "पानीकडे देखू नको, पानीनं आयक." धार फुटलेली असली तर फिल्मवर फरफर होते. नोझल आवळत जावं, फरफर कमी होते, आणि एका जागी टच्च असा एकच कोरडा आवाज येतो. सगळे तिथेच थांबतात आणि तिथेच चुकतात. तिथून नोझल केसभर मागे घ्यायचं, लूम तापेपर्यंत चालू द्यायची आणि मग पुन्हा ऐकायचं. पुरता एक तास त्यांनी माझ्याकडून करून घेतलं. शेवटी माझ्या हाताने तो आवाज आला तेव्हा मला लहान मुलासारखा आनंद झाला.

"वहीमा लिखी ले," ते म्हणाले. "पुस्तकमा टाकू नको."

मी म्हटलं, "नाही टाकणार, मामा."

तीन आठवडे मी शब्द पाळला. छोट्या शेठने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही, नुसतं माझ्या टेबलाभोवतीच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं. त्या दुपारी मी लिहिलं. लिहिताना मनाशी म्हटलं, पुस्तक वाचतं कोण? कुंकू लावून देव्हाऱ्यात तर ठेवतात. आमच्या सगळ्या धंद्याची ही जुनी चेष्टा, आणि मी तिच्याच आड लपले. अॅप येणार हे मला ठाऊक होतं. पण एवढ्या वर्षांची सवय अशी की आपण लिहिलेलं कुणी वाचेल, यावर माझा विश्वासच बसत नव्हता. माणसांनी ते वाचलं नाहीच. ज्याने वाचलं, ते माणूस नव्हतं, आणि त्याने एक अक्षर सोडलं नाही.

आणखी एक सांगते, कारण त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. ते प्रकरण मी फार सुंदर लिहिलं. मामांचं वाक्य मला इतकं आवडलं होतं की मी ते बदललं नाही.

मी हेड झाले. माझ्या हाताखाली कुणीच नव्हतं, मी माझीच साहेब. आईने गल्लीत पेढे वाटले.

पावसाळा संपता संपता एका खात्यातून लूम बंद पडल्याचा फोन आला. अॅप कसं चालतंय ते बघायला म्हणून मलाही मामांबरोबर पाठवलं. आम्ही पोचलो तेव्हा लूम चालू होती. तिथला ओडिया कारीगर आम्हाला बघून संकोचला, म्हणाला, झालं की मास्टर, मीच केलं. एका हातात मोबाइल होता. दुसऱ्या हातात एक्स-रेच्या फिल्मचा तुकडा. कसं केलं ते दाखवायला त्याने मोबाइलचा आवाज मोठा केला आणि आत कुणीतरी शुद्ध हिंदीत म्हणालं, "पानी को देखिए मत, पानी को सुनिए."

मामांनी ती फिल्म त्याच्या हातून घेतली. उजेडाकडे धरून बघितली, कुणाची बरगडी आहे ते बघावं तशी. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता चारचौघांत माझी लाज काढतील. काढायलाच हवं होतं, मला जरा सुटल्यासारखं तरी झालं असतं. ते कारीगराला म्हणाले, बराबर किया, आणि फिल्म परत दिली.

गाडीत ते पुढे बसले, मी मागे. अर्धा रस्ता गेला. मग मान न वळवता म्हणाले, "चांगलं लिखं शे."

त्यानंतर त्यांच्यासाठी फोन कमी झाले. दिवाळीनंतर लाभपाचमीला खाती उघडली, आणि ठेकेदाराने मास्टरांना सांगितलं, लागेल तेव्हा कळवतो. कुणी त्यांना काढलं नाही. एवढंच, की कळवलंही नाही. मी छोट्या शेठकडे एकदा विषय काढला. ते म्हणाले, बेन, तुम्ही हेड आहात, तुम्ही पुस्तकाचं बघा. मी पुस्तकाचं बघितलं.

एका रविवारी दुपारी मामा आमच्या घरी आले. आई हरखली, चहा टाकायला आत गेली. मी तिला काहीच सांगितलेलं नव्हतं. त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. अडाजणच्या एका बिल्डिंगवर वॉचमन हवा होता, आणि बायोडेटा इंग्रजीत लागतो म्हणे. "तू लिखस ना," ते म्हणाले. टोमणा नव्हता त्यात. त्यांच्या ओळखीत लिहिणारी मी एकटीच होते.

मी लॅपटॉप उघडला. "मामा, माझ्याकडून..." मी बोलायला सुरुवात केली.

"नाव लिख पहिले," ते म्हणाले.

नाव लिहिलं. वय लिहिलं, त्यांनी दोन वर्षं कमी सांगितली, मी कमी लिहिली. शिक्षण सातवी. अनुभव, लूम फिटिंग, अठ्ठावीस वर्षं. त्याखाली एक रकाना होता, विशेष कौशल्य. मी न विचारता टाइप केलं: वॉटरजेट लूमचं नोझल अचूक बसवणं. मला वाटलं, निदान एका कागदावर तरी हे त्यांच्या नावापुढे लिहिलेलं असावं.

"काय लिखं?" त्यांनी विचारलं.

मी वाचून दाखवलं. त्यांनी पडद्यावरच्या त्या इंग्रजी ओळीवर बोट ठेवलं.

"ते काढी टाक," ते म्हणाले. "ते आते कोनलेबी येस."

मी ओळ पुसली. रकाना रिकामा राहिला की अर्ज बाजूला टाकतात, हे मला माहीत होतं, म्हणून विचारलं, मग इथे काय लिहू? आई चहा घेऊन आली होती. मामांनी कप घेतला, एक घोट प्यायले आणि म्हणाले, दिवस असो की रात्र, कोणतीही पाळी चालेल, असं लिही. मी तसं लिहिलं.